गाडी बांधली पोरांनी, फोटो विश्वस्तांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुणे पुरवणीतली ‘छोट्या महाविद्यालयाची मोठी झेप’ ही बातमी वाचली. बाजा स्पर्धेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः बांधलेल्या खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांच्या स्पर्धेत, मुलांनी नाव काढलं याचा आनंद मलाही आहे. माझी मुलगी त्या टीममध्ये आहे. पण सबंध बातमीत एकाही विद्यार्थ्याचं नाव नाही. फोटोत मधोमध संस्थेचे अध्यक्ष, हातात पुष्पगुच्छ, दोन्ही बाजूंना विश्वस्त. गाडी मागे अर्धवट दिसते आणि ती बांधणारी पोरं कुठेच नाहीत.

‘संस्थेने सर्व सुविधा उपलब्ध करून दिल्या’ असं तुम्ही छापलंत. कुठल्या सुविधा? कॉलेजचं वर्कशॉप पाचला बंद होतं. रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणाऱ्या सांगाड्याचे, पाइप वाकवून वेल्डिंग झालं ते भोसरीतल्या एका शेडमध्ये, मुलांनी आपसांत वर्गणी काढून. नंतर गाडी आली आमच्या धायरीच्या पार्किंगमध्ये. स्पर्धेसाठी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला निघायच्या आदल्या आठवड्यात ब्रेक दगा द्यायला लागले. पेडल दाबलं की पुढची चाकं लॉक व्हायची, मागची फिरतच राहायची. या स्पर्धेत चारही चाकं लॉक झाल्याशिवाय गाडी ब्रेक टेस्टमध्ये पास होत नाही. मग ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायला रात्रभर एक जण पेडल मारतोय, माझी मुलगी चाकाशी फरशीवर आडवी पडून पान्याने निपल सैल करतेय, नळीतून ब्रेक ऑइल बाटलीत उतरतंय आणि हवेचा बुडबुडा दिसला की पुन्हा तेच. पहाटे मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्यांच्याबरोबर रात्रभर जागले ते फक्त त्यांचे एक सर, तेही कंत्राटी. त्यांचंही नाव बातमीत नाही.

बातमीचा उरलेला भाग प्रवेशवाढीच्या कौतुकाचा. अहो, तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादाच काढली. त्याच वर्षी राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. मग वाढलेल्या प्रवेशांत संस्थेचं कर्तृत्व किती आणि या निर्णयांचा वाटा किती, हे तुमच्या प्रतिनिधीने विचारायला नको होतं? वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा एआयसीटीईचा निकष आहे. नव्या तुकड्यांना शिकवायला माणसं कुठून आणली, हेही विचारलेलं दिसत नाही. आणि या संस्थेने कॉम्प्युटर व एआयच्या जागा वाढवताना कमी केल्या त्या मेकॅनिकलच्या. गाडी बांधणारी बहुतेक मुलं मेकॅनिकलचीच आहेत. पुढच्या वर्षी गाडी बांधायला मुलं कुठून आणणार?

शुल्कमाफीचा विषय निघालाच आहे तर हेही छापा. माफी लागू असूनही ‘आधी पूर्ण पैसे भरा, सरकारकडून आले की परत करू’ असं आम्हाला कॉलेजच्या खिडकीवर सांगण्यात आलं. मुलीच्या परीक्षेचा फॉर्म अडू नये म्हणून आम्ही दागिना गहाण ठेवून भरले. ते पैसे अजून परत मिळालेले नाहीत. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती-शुल्कमाफीच्या पोर्टलवरच्या अर्जाचं काय झालं म्हणून विचारायला गेलं की कॉलेज सरकारकडे बोट दाखवतं.

टीममधल्या सगळ्या मुलांची आणि त्यांच्या सरांची नावं, त्यांना विचारून, वेगळ्या कागदावर सोबत पाठवते आहे. पहिली बातमी जिथे आली त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळकपणे ती छापावीत.

आपली,
एक पालक, धायरी, पुणे