‘आउसमाखेन’विषयी मित्रास पत्र

लक्झेंबर्ग शहर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. शब्दकोशात ‘आउसमाखेन’ या जर्मन क्रियापदापुढे दिवा मालवण्यापासून भेटीची वेळ ठरवण्यापर्यंतचे अर्थ पाहून, हा शब्द एक आहे की चार, असे तू विचारले आहेस. माझ्या मते तो एकच आहे. ‘माखेन’ म्हणजे करणे आणि ‘आउस’ म्हणजे बाहेर. पण हा ‘आउस’ पुष्कळदा काम शेवटास गेल्याचेही सुचवतो. दिवा मालवला की उजेड संपतो, वेळ ठरली की चर्चा संपते, आणि धुक्यात दूरवरचे जहाज ओळखू आले, तर त्यासाठीही हेच क्रियापद येते. ‘आउसगेमाख्ट’ हे रूप विशेषणासारखे वापरले तर पक्की ठरलेली गोष्ट किंवा अगदी पुरता लबाड माणूस, असे दोन्ही अर्थ होतात.

इथल्या लक्झेंबर्गी भाषेत याचा सख्खा भाऊ आहे ‘आउसमाखेन’च, फक्त त्यातला ‘मा’ दीर्घ. शेजारच्या आजी जिन्यातून ‘माख द लूख्त आउस’ (दिवा मालव) म्हणतात, तेव्हा जर्मन शिकलेल्यालाही अर्थ कळतो. मात्र तृतीय पुरुषात जर्मन ‘माख्ट’ म्हणते आणि लक्झेंबर्गी ‘मेश्त’: ‘एत मेश्त मिर नैश्त आउस’, म्हणजे मला त्याचे काही वाटत नाही. सौदा पक्का झाला की मात्र इथे ‘ओफ्गेमाख’ हा उद्गार ऐकू येतो. तिथे ‘आउस’ऐवजी ‘ओफ्’ हे वेगळे उपपद आहे.

दिवा मालवायला सांगणाऱ्या तुझ्या ‘माख दास लिश्त’ या वाक्यात ‘आउस’ राहून गेला आहे आणि ही चूक मला मोठी वाटते. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते, आज्ञार्थात पहिल्या, आणि ‘आउस’ शेवटाला जातो. त्यामुळे तेवढेच ऐकणाऱ्याला दिवा लावायचा की मालवायचा हे कळत नाही, कारण शेवटी ‘आन’ आला तर लावायचा आणि ‘आउस’ आला तर मालवायचा. लक्झेंबर्गीत ‘आन’च्या जागी ‘उन’ येतो. गौण वाक्यात ‘आउस’ आणि ‘माखेन’ हे दोन्ही भाग पुन्हा जुळतात. जर्मनमधील ‘त्सू’ (आपल्या ‘करण्यास’मधल्या ‘-ण्यास’सारखा) त्यांच्या मधोमध शिरून ‘आउसत्सुमाखेन’ होते, तर लक्झेंबर्गीत ‘आउसत्सेमाखेन’.

हे तुला जड जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. आपले क्रियापदही शेवटी येते, आणि ‘मी उद्या सकाळच्या गाडीने येणार’ एवढे ऐकून आपण निश्चिंत होत नाही, कारण पुढे ‘नाही’ येऊ शकतो. तोच धीर इथे ठेव.

एक सवय मात्र आजच लाव. ‘माख्ट एस इनेन एत्वास आउस?’ असे विचारून कोणी खिडकी उघडू पाहील, तेव्हा संमती द्यायची असेल तर ‘नाइन’ म्हणजे ‘नाही’ म्हण. त्या प्रश्नाचा अर्थ ‘काही हरकत आहे का?’ असा आहे, हे लक्षात ठेवले की उत्तर आपोआप बरोबर येते.

तुझी सुधारलेली वाक्ये पाठव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र