‘युवर्स’च्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या विद्यार्थी पुरवणीत दहावीसाठी इंग्रजी अर्जाचा नमुना आहे. मजकूर चांगला आहे, पण शेवटी ‘युवर्स फेथफुली’ छापताना आर आणि एस यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी (मालकी दाखवणारे, अक्षराच्या वर येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह) घातली आहे. मुले हे पान कापून वहीत चिकटवतात आणि तसेच्या तसे पाठ करतात, म्हणून लिहितो आहे.

‘युवर्स’ म्हणजेच ‘आपला’. मालकी त्या शब्दातच आली. ‘अवर्स’, ‘हर्स’, ‘देअर्स’ यांनाही ते चिन्ह लागत नाही. मराठीत आपण ‘आपलाचा विश्वासू’ लिहितो का? अर्जाची सुरुवात ‘डिअर सर’ने आहे, तेव्हा ‘फेथफुली’ बरोबरच; नावाने सुरुवात असती तर ‘सिन्सिअरली’ आले असते. मात्र ‘फेथफुली’चा एफ कॅपिटल नको.

मी टायपिस्ट म्हणून निवृत्त झालो. १९८४ साली नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. मी टाइप केलेले पत्र साहेबांनी ‘युवर्स’वर लाल शाईने अपॉस्ट्रॉफी टाकून परत पाठवले. केबिनमध्ये जाऊन सांगितले, तर ‘मला इंग्रजी शिकवू नका’. तीन कार्बन लावून सगळे पान पुन्हा टाइप केले. आमच्या मशीनवर हे चिन्ह आठाच्या कळीवर होते, शिफ्ट दाबल्याशिवाय उमटत नसे. म्हणजे चूक करायलाच एक कळ जास्त दाबावी लागली. आठवड्याभराने मुख्य कार्यालयातून ते पत्र चुकीभोवती गोल करून परत आले. पत्राखाली डाव्या कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरे असतात, ती माझी होती. मेमो मला मिळाला. लाल शाईचा कागद तोवर केराच्या टोपलीत गेला होता, आणि साहेब एक शब्द बोलले नाहीत. ते चिन्ह छापलेले दिसले की आजही तो मेमो डोळ्यांसमोर येतो.

आणि इंग्रजीचे राहू द्या, शेजारच्याच मराठी पत्रात ‘विश्वासु’ ऱ्हस्व छापले आहे! मराठी शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो, हे मराठी वर्तमानपत्राला वाचकाने सांगावे?

दोन्ही दुरुस्त्या पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापाव्यात. आतल्या पानाच्या तळाशी नकोत, तिथे मुले बघत नाहीत.

आपला विश्वासू (दीर्घ),
एक निवृत्त टायपिस्ट, सातारा