वाद प्रार्थनेचा कमी, सक्तीचा जास्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधल्या धर्मवादांवर आलेला लेख वाचला. विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून आनंद झाला. पण १६६२ ची हकिगत लेखात दोन वाक्यांत उरकली आहे: अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, पाळक पुस्तकातून प्रार्थना वाचत, डिसेंटर, म्हणजे त्या चर्चशी न जुळणारे प्रोटेस्टंट, उत्स्फूर्त प्रार्थना करत, आणि ते न पटल्याने दोन हजार पाळक चर्च सोडून गेले. यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धवट आहे.

'सोडून गेले' हे आधी पाहू. १९ मे १६६२ रोजी राजाच्या संमतीने एकरूपतेचा कायदा झाला. २४ ऑगस्ट, म्हणजे सेंट बार्थोलोम्यूच्या दिवसापर्यंत प्रत्येक पाळकाने नव्या प्रार्थनापुस्तकातली सकाळ-संध्याकाळची उपासना आपल्या मंडळीसमोर वाचायची आणि मग त्या पुस्तकातल्या एकूण एक गोष्टीला आपली मनापासून मान्यता व संमती असल्याचे जाहीर करायचे, अशी अट होती. नुसते वाचून भागत नव्हते. शिवाय बिशपांची सत्ता मोडण्याचा १६४३ चा स्कॉटलंडबरोबरचा करार आपल्यावर बंधनकारक नाही, राजाविरुद्ध शस्त्र उचलणे कोणत्याही कारणाने वैध नाही, हेही लिहून द्यायचे. आणि ज्याची पाळकपदाची दीक्षा बिशपच्या हातून झाली नसेल त्याने ती नव्याने घ्यायची.

मुदतीतच खरी मेख होती. छापील पुस्तक लंडनमध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिळू लागले. दूरच्या परगण्यांत ते २४ तारखेच्या आत पोहोचणे अवघड, त्यामुळे कित्येकांनी पुस्तक न पाहताच 'एकूण एक गोष्टीला' संमती दिली. गावाने स्वखर्चाने प्रत घ्यायची, नाही घेतली तर महिन्याला तीन पौंड दंड. पाळकाचे दशांशाचे (गावाने चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचे) उत्पन्न सप्टेंबरअखेर, मायकेलमसला हाती येई. ऑगस्टमध्ये पद गेले की वर्षभर काम केलेल्याचा मोबदलाही गेला. त्याआधी, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात, पार्लमेंटने अँग्लिकन पाळकांना काढले तेव्हा त्यांच्या बायकामुलांना उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद तरी होती. १६६२ मध्ये तेवढीही नव्हती.

दोन हजार हा आकडा ढोबळ मानाने बरोबर आहे, पण तो १६६० ते १६६२ या काळाचा. बऱ्याच जणांना १६६० मध्ये राजेशाही परतताच जावे लागले, कारण त्यांच्या जागेवरचे जुने, हयात अँग्लिकन पाळक परत आले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्या पाळकांनीही आधी असेच भोगले होते. पार्लमेंटच्या १६४५ च्या वटहुकमाने प्रार्थनापुस्तक चर्चमध्येच काय, घरी कुटुंबात वापरायलाही बंदी होती: पहिल्यांदा पाच पौंड दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा वर्षभर तुरुंग. १६६२ ची कठोरता समजून घ्यायची तर या बंदीपासून सुरुवात करावी लागते. सक्तीची चव दोन्ही बाजूंनी घेतली होती आणि दिलीही होती.

आता पुस्तकी आणि उत्स्फूर्त या जोडीकडे येतो. डिसेंटर म्हणजे एक गट नव्हे. किडरमिन्स्टरचे रिचर्ड बॅक्स्टर ठरीव प्रार्थनेच्या विरुद्ध नव्हतेच. एप्रिल ते जुलै १६६१ मध्ये सॅव्हॉय परिषद भरली, बारा बिशप एका बाजूला आणि बारा प्रेस्बिटेरियन (बिशपांऐवजी वडीलमंडळाने चर्च चालवावे असे मानणारे) दुसऱ्या बाजूला. त्या वेळी बॅक्स्टर यांनी पंधरवड्यात स्वतः एक संपूर्ण उपासनापद्धती लिहून काढली. त्यांची मागणी एवढीच की पाळकाला स्वतःच्या शब्दांसाठी जागा असावी आणि शंका असलेल्यांवर काही विधी लादू नयेत. जॉन ओवेन आणि इंडिपेंडंट (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणारी) मंडळी एक पायरी पुढे होती: देवाने न सांगितलेली उपासना माणसाने बंधनकारक करणेच अयोग्य, असे ते म्हणत. तिसऱ्या टोकाला प्रवचनकार जॉन बन्यन. दुसऱ्याने रचलेले शब्द वाचणे ही पवित्र आत्म्याने केलेली प्रार्थनाच नव्हे, ही त्यांची भूमिका. बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढूनही ती ढळली नाही. या तिघांना एकाच पोत्यात भरले की वाद समजत नाही.

सॅव्हॉयमध्ये आक्षेप कशावर होते ते पाहा. बाप्तिस्म्यात बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण, प्रभुभोजन गुडघे टेकून घेण्याची अट, पाळकाचा पांढरा झगा म्हणजे सरप्लिस, लग्नातली अंगठी, संतांचे सणवार, अपॉक्रिफातले (प्रोटेस्टंट बायबलचा भाग न मानलेल्या ग्रंथांतले) पाठ, पाळक आणि मंडळी यांनी आळीपाळीने म्हणायची वाक्ये, आणि तुटक-तुटक छोट्या प्रार्थना. दफनविधीवरचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: माणूस कसाही जगलेला असो, प्रत्येकाच्या थडग्याशी सार्वकालिक जीवनाची तीच खात्रीची आशा कशी उच्चारायची? शेवटचे दिवस तर एकाच मुद्द्यावर तर्कशास्त्राच्या रीतीने वाद घालण्यात गेले. जो माणूस सद्‌सद्विवेकबुद्धीमुळे गुडघे टेकायला धजत नाही, त्याला प्रभुभोजन नाकारायची आज्ञा पाळकाला देणे पाप आहे की नाही? बिशपांच्या बाजूने पीटर गनिंग, समोर बॅक्स्टर. निष्पन्न काही झाले नाही. पुढे पुस्तकात सुमारे ६०० बदल झाले, पण ते बहुतेक किरकोळ. क्रूस, अंगठी, गुडघे, सरप्लिस, सगळे जागच्या जागी राहिले. त्याच पुस्तकातली उपकारस्तुतीची सुप्रसिद्ध प्रार्थना मात्र एडवर्ड रेनल्ड्स या प्रेस्बिटेरियनने रचलेली आहे. बॅक्स्टर यांनी हिअरफर्डचे बिशपपद नाकारले, रेनल्ड्स यांनी नॉरिचचे स्वीकारले.

अँग्लिकन पाळकांची बाजूही लेखात नीट आलेली नाही. ते हट्टाने पुस्तकाला चिकटून बसले होते असे नाही. त्यांचे म्हणणे होते की मंडळीला जे शब्द आधी ठाऊक नाहीत, त्यांना ती 'आमेन' कशाच्या भरवशावर म्हणणार? पाळक उत्स्फूर्त बोलतो ते त्याच्यापुरते उत्स्फूर्त. ऐकणाऱ्यासाठी तेही दुसऱ्याचेच शब्द. खेड्यातला पाळक आजारी असेल, अल्पशिक्षित असेल, चिडलेला असेल, तरी पुस्तकामुळे मंडळीची उपासना त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. आणि १६४० च्या दशकात व्यासपीठावरच्या लांबलचक प्रार्थनांनी यादवी युद्धाला कसे इंधन पुरवले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जॉर्ज बुल यांची हकिगत त्यांच्या चरित्रकाराने दिली आहे. बंदीच्या काळात ब्रिस्टॉलजवळ पाळक असताना ते प्रार्थनापुस्तकातले शब्द तोंडपाठ म्हणत. एका विरोधकाच्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांनी असाच केला. बाप या 'उत्स्फूर्त' प्रार्थनेवर बेहद्द खूश झाला, तेव्हा बुल यांनी त्याला पुस्तक उघडून शब्दन्‌शब्द दाखवला.

चर्चपासून विभक्त होण्याविरुद्धचा सर्वांत धारदार युक्तिवाद १६८० मधला. अँग्लिकन धर्मपंडित एडवर्ड स्टिलिंगफ्लीट यांनी लंडनच्या लॉर्ड मेयरसमोर प्रवचनात विचारले: तुम्हीच म्हणता की अधूनमधून पॅरिश चर्चमध्ये (आपल्या वस्तीच्या अधिकृत चर्चमध्ये) प्रभुभोजन घेणे गैर नाही, मग जे अधूनमधून वैध, ते शांततेसाठी नेहमी करणे हे कर्तव्य का नव्हे? यावर उत्तरांची झोड उठली. ओवेन, बॅक्स्टर, डिसेंटर पाळक जॉन हाऊ, सगळे सरसावले. तारणासाठी जेवढे पुरेसे तेवढे चर्चच्या सहभागितेसाठी पुरेसे का नसावे, असा प्रश्न स्टिलिंगफ्लीट यांनीच तरुणपणी एका ग्रंथात विचारला होता. विरोधकांनी तोच त्यांच्यापुढे धरला. बॅक्स्टर यांचे म्हणणे साधे होते: आम्ही वेगळे झालो नाही, आम्हाला दाराबाहेर काढले. माझ्या मते या मुद्द्यावर बॅक्स्टर बरोबर आहेत. क्रुसाची खूण, सरप्लिस या गोष्टी देवाने सांगितलेल्या नाहीत आणि निषिद्धही नाहीत, हे बिशपही मान्य करत. त्यातून ते निष्कर्ष काढत की अधिकाऱ्याने आज्ञा दिली तर पाळावी. पण जी गोष्ट मुळात ऐच्छिक, तिच्यासाठी माणसाचे पोट आणि पाळकपण काढून घेणे हे त्यांच्या स्वतःच्या तत्त्वात बसत नाही.

दंडाचे आकडे लेखात नव्हते, ते देतो. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज सोळा वर्षांवरचे पाचपेक्षा जास्त लोक बिगर-अँग्लिकन उपासनेला जमले की पहिला गुन्हा पाच पौंड किंवा तीन महिने, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी किंवा शंभर पौंड. १६६५ मध्ये शपथ न घेणाऱ्या पाळकाला शहराच्या आणि आपल्या जुन्या पॅरिशच्या पाच मैलांच्या आत राहायला बंदी, दंड चाळीस पौंड. १६७० च्या कायद्याने हजेरी लावणाऱ्याचा दंड पाच शिलिंगांवर आणला, पण खबऱ्याला वसुलीचा तिसरा हिस्सा दिला आणि गरिबाचा दंड जमावातल्या दुसऱ्याकडून वसूल करायची मुभा दिली. मग घराघरांतली भांडी, अंथरुणे, कारागिरांची हत्यारे जप्त होऊ लागली. ब्रिस्टॉलच्या ब्रॉडमीड मंडळीने वक्त्यापुढे पडदा लावला होता. खबरे आले की प्रवचन थांबवून सगळे स्तोत्र गाऊ लागत.

लेखात १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने 'समान हक्क' मिळाले असे म्हटले आहे, ही सरळ चूक आहे. त्या कायद्याने फक्त दंड थांबवले, तेही अटींवर: उपासनेची जागा नोंदवायची, दार आतून बंद करायचे नाही, पाळकाने अँग्लिकन श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी बहुतेकांवर सही करायची. कॅथलिक आणि त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव) न मानणारे त्यातून वगळलेले. दशांश आणि चर्चपट्टी (पॅरिश चर्चच्या देखभालीचा कर) द्यावीच लागे. सरकारी पदासाठी पॅरिश चर्चमध्ये प्रभुभोजन घेतल्याचा दाखला १८२८ पर्यंत लागे. चर्चपट्टीची सक्ती १८६८ मध्ये गेली. पॅरिशच्या दफनभूमीत अँग्लिकन विधीशिवाय दफन करायला १८८० उजाडले. बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी दफनविधी म्हणू नये ही सूचना १६६२ च्याच पुस्तकात घातलेली. तिच्या आधारे काही पाळक डिसेंटर पाळकाने बाप्तिस्मा दिलेल्या बाळांनाही नाकारत. १८०९ मध्ये न्यायाधीश सर जॉन निकोल यांनी असा नकार बेकायदा ठरवला, तरी बाळांना बाप्तिस्मा न देणाऱ्या बाप्टिस्टांची मुले त्या निकालाबाहेरच राहिली.

शब्दांच्या सक्तीचा प्रश्न डिसेंटरांच्या घरातही आला, याचाही उल्लेख हवा होता. १७१९ मध्ये लंडनच्या सॉल्टर्स हॉलमध्ये त्यांचेच पाळक जमले. त्रैक्याबद्दल बायबलबाहेरच्या, माणसांनी रचलेल्या विधानावर सही मागावी का, यावर मतदान झाले. ५७ विरुद्ध ५३ अशा फरकाने नकार, आणि मग फूट.

आपल्याकडचा धागा खरा आहे आणि लेखात तो पूर्ण सुटला आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल, म्हणजे त्याच इंडिपेंडंट परंपरेचे. अहमदनगर भागात पुढे त्याच्या शेजारी अँग्लिकन मिशनही उभे राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, त्यात अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट हे सगळे आले. १६६२ मध्ये सर्वांत जास्त टोचलेली अट होती पुन्हा दीक्षा घेण्याची. ती घेणे म्हणजे आजवर आपण दिलेले बाप्तिस्मे, वाढलेले प्रभुभोजन यांवर स्वतःच प्रश्नचिन्ह लावणे. नागपुरात सर्व परंपरांच्या पाळकांनी एकमेकांवर हात ठेवून सेवा एकत्र केली, कुणी कुणाची आधीची दीक्षा रद्दबातल ठरवली नाही. बाळांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा, दोन्हींना मान्यता मिळाली. ही जुळणी कागदावर कशी झाली आणि गावोगावच्या मंडळ्यांत ती कशी रुजली, यावर पुरवणीने स्वतंत्र लेख करावा. त्या वेळी तरुण असलेले पाळक आता वयोवृद्ध आहेत. त्यांच्याशी बोलायचे असेल तर ते लवकर करायला हवे.

आपला,
चर्च-इतिहासाचा एक अभ्यासक, अहमदनगर