जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख वाचला. छान लिहिलाय, पण त्यात 'जॅझवादक कुठलीच चौकट मानत नाहीत, त्या क्षणी सुचेल ते वाजवतात' असं जे म्हटलंय ते काही पटलं नाही. हे जॅझबद्दल नेहमीच लिहिलं जातं आणि त्यामुळे नवीन ऐकणाऱ्याला वाटतं की यात समजण्यासारखं काही नाहीच, नुसतं डोळे मिटून बसायचं.

खरं तर चौकट असते आणि ती बऱ्याचदा एखाद्या गाजलेल्या सिनेमा-नाटकातल्या गाण्याचीच असते. १९३०-४० च्या काळातली अमेरिकन गाणी बरीचशी ३२ मात्राखंडांची, म्हणजे बारची. आठ बारची एक चाल, तीच परत, मग आठ बार वेगळं काहीतरी ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पहिली चाल पुन्हा. गाणं एकदा वाजवून झालं की चाल सोडून देतात पण खालचे कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूरसमूह, तसेच फिरत राहतात, आपल्याकडे तबल्याचं आवर्तन फिरतं ना तसे, आणि सोलो, म्हणजे एकट्याने मनातून रचत, वाजवणारा कितीही लांब गेला तरी ब्रिज कुठे येतो हे त्याला, बेसवाल्याला, ड्रमवाल्याला सगळ्यांना माहीत असतं.

जॉर्ज गर्शविनचं 'आय गॉट ऱ्हिदम' घ्या, १९३० चं, ब्रॉडवेवरच्या 'गर्ल क्रेझी'मधलं. मूळ गाणं ३४ बारचं आहे, शेवटी दोन बारचं शेपूट आहे, जॅझवाल्यांनी ते कापलं आणि ३२ चा सांगाडा ठेवला. त्यावर ड्यूक एलिंग्टनचं 'कॉटन टेल' (१९४०) उभं आहे, सनी रोलिन्सचं 'ओलिओ' पण त्यावरच. नवीन चाल, जुने कॉर्ड. यात व्यवहार पण होता बरं का, कॉपीराइट चाल आणि शब्दांना मिळायचा, कॉर्डच्या क्रमाला नाही, त्यामुळे नवी चाल बसवली की ती आपल्या नावावर आणि मूळ गाण्याच्या प्रकाशकाला पैसे द्यायला नकोत. चार्ली पार्करचं १९४५ चं 'को-को' हे 'चेरोकी' या गाण्याच्या कॉर्डवर आहे, एका टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या एका प्रयत्नात, तर पार्कर आणि साथीदार चक्क 'चेरोकी'ची चालच वाजवायला लागतात आणि मधेच थांबवले जातात, ते रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. मला तर ती थांबवलेली टेक अख्ख्या लेखापेक्षा जास्त शिकवून गेली.

लेखात माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ला (१९५९) 'सगळी बंधनं तोडणारा अल्बम' म्हटलंय. कॉर्डची गर्दी कमी केली हे बरोबर. पण त्यातलं 'सो व्हॉट' मोजून बघा, १६ बार डी या सुरावरची डोरियन नावाची स्वरमाला, ८ बार तीच अर्धा सूर वर, ई फ्लॅटवर, परत ८ बार डी. म्हणजे तोच जुना ३२ चा साचा! कॉर्ड कमी केले, गाण्याचा आकार ठेवला. पुढे फ्री जॅझवाल्यांनी कॉर्डचा हा फिरता सांगाडाच सोडला ते खरं, पण तो वेगळा विषय आणि लेख त्यावर नव्हताच.

पुढच्या वेळी एक करता आलं तर बघा. प्रत्येक जॅझ ट्यूनसमोर मूळ गाण्याचं नाव छापा, म्हणजे वाचक आधी गाणं ऐकेल आणि मग सोलो. सुरुवातीला कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं 'बॉडी अँड सोल' द्या, कारण त्यात मूळ चाल सुरुवातीला जेमतेम डोकावते आणि नंतर जवळजवळ गायब होते, तरी ब्रिजवर सगळं गाणं अर्ध्या सुराने वर सरकतं ते गाणं आधी ऐकलेल्या कुणालाही कळतं. जागा कमी पडत असेल तर वादकांच्या व्यसनांवरचा परिच्छेद कापा, तो दरवेळी असतोच.

– आपला एक नियमित वाचक