मान खाली घालणाऱ्या मुलांविषयी

मा. संपादक,

सत्राच्या तोंडावर होणाऱ्या शिक्षक प्रशिक्षणात 'देहबोली'चा तास असला, की '९३ टक्के संवाद शब्दांवाचून होतो' हे वाक्य हमखास येते. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांवरून आला; ते प्रयोग सुटे शब्द, आवाज आणि चेहरा यांवरून बोलणाऱ्याची भावना ओळखण्यापुरते होते. अपूर्णांक शिकवायला शब्दच लागतात. त्या आकड्यापेक्षा आपल्याकडच्या वर्गात रोज काय चुकते यावर बोलले जावे, म्हणून हे पत्र.

सर्वांत जास्त चुकते ते नजरेबाबत. 'माझ्याकडे बघून बोल' हा हुकूम शाळेशाळेत ऐकू येतो. भामरागड-एटापल्लीकडची माडिया, धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू ही आदिवासी मुले आणि खेड्यातली इतरही बरीच मुले मोठ्या माणसासमोर मान खाली घालतात. घरी तीच रीत असते. शाळेत मात्र त्याचा अर्थ 'अभ्यास केला नाही' किंवा 'खोटं बोलतोय' असा लागतो, आणि मूल आणखी आक्रसते. अशा वेळी त्याच्या समोर उभे राहू नये, बाजूला उकिडवे बसावे. बोट वहीतल्या उदाहरणावर ठेवावे, दोघांनीही तिकडेच बघावे आणि हळू आवाजात विचारावे. पट्टीवर बसलेल्या सात वर्षांच्या पोराला उभे गुरुजी फार उंच दिसतात.

विचारल्यावर थांबावे लागते. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात, असे अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले. तीन सेकंद वा जास्त थांबल्यावर उत्तरे सविस्तर झाली आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. घरी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रश्न आपल्या भाषेत नेऊन उत्तर मराठीत आणायचे असते. त्याला पाच सेकंद द्यावेत, मनात आकडे मोजावेत. त्या वेळात खडू आपटला किंवा घड्याळाकडे पाहिले, तर थांबणे हीच शिक्षा होते. भुवया सैल आणि हात स्थिर हवेत. उत्तर आल्यावरही लगेच 'बरोबर' म्हणू नये. त्या क्षणभरात मूल बरेचदा आणखी एक वाक्य जोडते.

'समजलं का?' याला येणारे एका सुरातले 'हो' बिनकामाचे. त्याऐवजी छातीजवळ बोटे दाखवायला सांगावे: तीन म्हणजे समजले, दोन म्हणजे थोडे, एक म्हणजे नाही. हात छातीजवळ असला की शेजाऱ्याचे बघून बोटे बदलत नाहीत.

शिक्षकाने दार-खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या आणि मराठी नव्याने शिकणाऱ्या मुलांना ओठांचा मोठा आधार असतो. लिहिताना बोलू नये. लिहून झाले की वळावे, मग बोलावे.

आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाची आहे. अंग टाकून बसलेले मूल आळशी ठरवण्याआधी त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. डोळे पिवळसर, सांधे दुखतात, पटकन दम लागतो, असे दिसले तर पालकांशी बोलून प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. मान एका बाजूला कलवून ऐकणाऱ्या मुलाचा कान आणि डोळे बारीक करून फळा पाहणाऱ्याची नजर तपासावी.

शिक्षण विभागाला विनंती अशी: शाळांच्या प्रत्येक केंद्रात होणाऱ्या शिक्षण परिषदेतले दोन तास या कामाला द्यावेत. प्रत्येक शिक्षकाने खिडकीत मोबाईल ठेवून स्वतःच्या तासाची दहा मिनिटे टिपावीत आणि आवाज बंद करून पाहावीत. पाठ किती वेळा फिरली, कोणत्या कोपऱ्याकडे एकदाही लक्ष गेले नाही, प्रश्न कोणाकडे बघून विचारले, एवढे कागदावर मांडावे. चित्रण दुसऱ्या कोणाला पाठवू नये, पाहून झाल्यावर पुसावे. महिन्याने पुन्हा टिपून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. शेरेपुस्तकात मात्र यातले काहीही जाणार नाही, हे केंद्रप्रमुखांनी आधीच स्पष्ट करावे. नाहीतर शिक्षक त्या दिवशीपुरता तास सजवतील.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख, धानोरा (जि. गडचिरोली)