मागच्या सीटवरच्या हेल्मेटसाठी आवाहन

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मयड्याची केळी आणि मासळीची पिशवी सांभाळत एक मावशी आमच्या मोटारसायकल टॅक्सीच्या स्टँडवर येतात. पायलट, म्हणजे टॅक्सीची मोटारसायकल चालवणारा, हेल्मेट पुढे करतो. "नको रे बाबा, कुणाकुणाच्या डोक्यावरचं ते!" म्हणत मावशी ते मांडीवर ठेवतात आणि गाडी सुटते.

मावशींचं तरी काय चुकलं? आमच्या मंडळाने परवा स्टँडवरची हेल्मेटं एकेक हातात घेऊन पाहिली. आतला स्पंज घामाने काळा पडलेला, पावसात वाळायला जागा नाही म्हणून कुबट वास. एकाचं बक्कल तुटलं होतं, तिथे सुतळीची गाठ! असलं हेल्मेट आम्हीही घातलं नसतं.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. नाही तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. पिवळ्या मडगार्डच्या गाडीवरच ज्याची चूल पेटते, त्याचे तीन महिने कसे जायचे? आणि हे झालं नुसतं दंडाचं. पडल्यावर रस्ता पायलट कोण, गिऱ्हाईक कोण, बघत नाही.

म्हणून स्टँडवरच्या प्रत्येक गाडीला मागच्या माणसासाठी आयएसआय शिक्क्याचं एक नवं हेल्मेट आणि आत घालायला सुती कापडाच्या चार टोप्या द्यायचं आम्ही ठरवलं आहे. गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी धुतलेली टोपी मिळायची, वापरलेली पायलटाने संध्याकाळी घरी न्यायची. हेल्मेटचे निम्मे पैसे पायलट स्वतः घालणार आहेत. फुकटचं कोपऱ्यात पडतं, असं त्यांचंच म्हणणं. उरलेल्या निम्म्यासाठी तुमच्यापुढे हात पसरतो आहोत.

एक विनंती: घरातलं जुनं हेल्मेट देऊ नका. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, पुढच्या वेळी तो काम देईलच असं नाही. जुन्या सुती साड्या, चादरी मात्र धुऊन जरूर द्या. शिलाई मशीन असलेल्या ताईंनी दहा-वीस टोप्या शिवून दिल्या तर फारच उत्तम.

गणेश चवथीच्या गर्दीआधी हे काम उरकायचं आहे. दर शुक्रवारी सकाळी आम्ही स्टँडवर टेबल मांडून बसतो. देणगी तिथेच द्या आणि पावती मागून घ्या.