न्यायाधीशाने न दिलेली शिक्षा

म्हापसा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझ्या काळजीचं. कोलवाळच्या कारागृहात मी जाते ती भेटीच्या खोलीपर्यंतच. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत माझं नाव आहे, म्हणून ज्यांना वकील परवडत नाही अशांना भेटावं लागतं. जेवण वेळेवर होतं. शेजारणीला काय सांगायचं ते तू ठरव.

आता बाबा. 'गजाआड कसली आलीय जात? तिथे सगळे गुन्हेगारच,' असं तुम्ही म्हणालात. फोनवर तुमच्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहायला बसले.

एक तर सगळे गुन्हेगार नसतात. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी. म्हणजे खटला अजून संपायचाय. तुम्ही आम्हाला लहानपणी आग्वादचा किल्ला दाखवायला नेलंत, गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना तिथे कोंडलं होतं ते सांगितलंत. कैदी म्हटला की देशभक्त, असंच तेव्हा डोक्यात बसलं. आता कैदी म्हटला की तुम्हाला चोर दिसतो!

आणि जातीचं म्हणाल, तर ती तिथे छापील नियमांतच होती. उत्तर प्रदेशची कारागृह नियमावली इंग्रजांच्या वेळची नव्हे, २०२२ ची. तिचा नियम असा होता, की साध्या कैदेची शिक्षा झालेल्याला हलकं समजलं जाणारं काम देऊ नये. मात्र तो तशी कामं करत आलेल्या समाजातला असेल तर द्यायला हरकत नाही. वकील म्हणून मला हे वाचताना चीड येते. कोर्ट साधी कैद देतं तेव्हा सक्तमजुरी देत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. दोघांना एकाच दिवशी एकच शिक्षा झाली, तरी एक नुसता बसून राहणार आणि दुसऱ्याच्या हातात झाडू, तोही त्याचा बाप कोण ते पाहून. ही जादाची शिक्षा कुठल्या निकालपत्रात लिहिलेली असते?

पश्चिम बंगालच्या नियमांत स्वयंपाकी 'योग्य' जातीचा हवा आणि सफाईवाले मेथर किंवा हाडी जातीचे, शिवाय चांडाळही चालतील, असं होतं. भटक्या जमातींच्या कैद्याला रात्रीचा पहारेकरी नेमायचं नाही, कारण पळून जाणं त्यांच्या रक्तातच! १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये ज्यांच्यावरचा तो शिक्का पुसला, त्यांच्यावर तुरुंगाने तो जपून ठेवला होता.

पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये यावर लिहिलं, मग स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, अस्पृश्यतेच्या १७ व्या आणि वेठबिगारीच्या २३ व्या कलमाचाही आधार घेतला. नियमावल्या सुधारायला राज्यांना तीन महिने दिले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाही काढायला सांगितलं. रकाना गेला म्हणून आडनावं थोडीच जातात, पण निदान कारकुनाला विचारायचा अधिकार उरला नाही.

'ज्याला जे येतं ते त्याने करावं,' हे तुमचं दुसरं वाक्य. येतं का, हे त्या नियमात कुठे विचारलं होतं? खानावळीत पंधरा वर्षं भात शिजवलेला माणूसही जातीने बसत नसेल तर चुलीपाशी जाऊ शकत नव्हता.

बाबा, हे लिहिताना मला आपलं देवस्थान आठवत होतं. तुम्ही महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेचे मानकरी, आणि समितीवरही आहात. जत्रेच्या महाप्रसादाला कोण हात लावणार आणि जेवणावळीनंतर उष्ट्या पत्रावळी कोण उचलणार, याचा कागद कुठेच नाही, पण एका वर्षीही कुणी चुकत नाही. बंगालने निदान लिहून तरी ठेवलं होतं, म्हणून कोर्टाला ते खोडता आलं. पुढच्या बैठकीत हा विषय तुम्ही काढा. रागावून का होईना, उत्तर पाठवा. फोनवर नको, लिहूनच. जत्रेला मी येतेच आहे, आणि या खेपेला पत्रावळी उचलायला आपल्या घरातून मी वाकणार आहे. आई, तू अडवू नकोस.

तुमची लेक